अंगभूत रंग : काँक्रीटच्या रंगाची कथा



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोते गडकोटांची, तहांची आणि राजकारणाची अपेक्षा धरून येतात, आणि ती रास्तही आहे. आज मात्र मी तुमची नजर जरा खाली वळविणार आहे. मला जमिनीविषयी बोलावयाचे आहे. सातबाराच्या उताऱ्यावरील नव्हे, घरातल्या पायाखालच्या जमिनीविषयी. आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण लाल कोब्यावर गेले असेल. उन्हाळ्याच्या दुपारी उघड्या अंगाने त्यावर पडले म्हणजे पाठीला लागणारा गारवा, सणावारी त्यावर उठून दिसणारी पांढरी रांगोळी आणि उंबऱ्यापाशी वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्याने गुळगुळीत झालेला काळसर पट्टा, हे सांगावयास इतिहासकार लागत नाही. पण ती जमीन लाल कशी झाली, आणि एका घरात सगळीकडे सारखी लाल असताना दुसऱ्या घरात ठिकठिकाणी फिकी का पडली, याला मात्र इतिहास आहे. तो लीड्स, शिकागो आणि जर्मनीतील एका कारखान्यापासून निघतो, आणि त्याचे शेवटचे टोक बांधकामावरच्या एका बिगारी बाईच्या हातातील बादलीपाशी येऊन पोहोचते. ते टोक तुम्हाला दाखवावे, येवढाच आजचा हेतू आहे.

वस्तूला रंग देण्याच्या दोन रीती आहेत. कुंडीला वरून गेरू फासणे ही एक रीत. कणीक मळतानाच तिच्यात हळद घालणे ही दुसरी. पहिल्या रीतीत रंग हा पाहुणा असतो. तो उन्हाने उडतो, पावसाने धुपतो, टवका गेला की खालचे मूळ अंग उघडे पडते. दुसऱ्या रीतीत रंग वस्तूच्या अंगातच भिनलेला असतो. कोपरा फुटला तरी आतून तोच रंग निघतो. काँक्रीट कालवतानाच त्यात रंग मिसळला म्हणजे त्याला मी अंगभूत रंग म्हणतो. या दुसऱ्या रीतीचा फायदा जसा मोठा, तसा धोकाही मोठा. वरून लावलेला रंग बिघडला तर खरवडून पुन्हा लावता येतो. अंगभूत रंग बिघडला तर तो पुसता येत नाही. बिघाडही अंगभूतच होऊन बसतो.

ही कल्पना काँक्रीटहून पुष्कळ जुनी आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की, ओल्या गिलाव्यावर काळजीपूर्वक दिलेला रंग उडत नाही, तो कायमचा टिकतो. कारण असे की ओला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगडासारखा होतो, आणि तसे होताना रंगाचे कण आपल्या पोटात धरून ठेवतो. आपल्याकडे कोकण, गोमंतक आणि कारवार या पट्ट्यातील देवळांत व जुन्या घरांत जे कावी काम आढळते, त्याचे तत्त्वही याच्याच जवळचे. चुन्याच्या पांढऱ्या थरावर तांबडी काव मिसळलेला थर द्यावयाचा, तो ओला आहे तोवर घोटावयाचा आणि मग टोकदार हत्याराने खरवडून आतला पांढरा रंग उघडा करीत वेली, फुले आणि देवदेवता काढावयाच्या. जांभ्याच्या त्या प्रदेशात तांबडा रंग पायाखालीच होता. भर पावसाच्या प्रांतात तो भिंतींवर टिकला, याचे श्रेय चुन्याचे जितके, तितकेच तो ओला असताना घोटणाऱ्या हाताचे.

मग १८२४ साल उजाडले. त्या वर्षी ऑक्टोबरात लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्याने एका नव्या सिमेंटचे पेटंट घेतले आणि त्याला पोर्टलंड सिमेंट असे नाव दिले. हे नाव कोठून आले, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठे बोलके आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड येथे निघणारा दगड त्या काळी उत्तम इमारती दगड म्हणून नावाजलेला होता. आपले सिमेंट घट्ट झाले म्हणजे त्या दगडासारखे दिसते, असा अ‍ॅस्पडिनचा दावा होता. म्हणजे सिमेंटच्या नावातच दुसऱ्यासारखे दिसण्याची हौस आहे. जन्मतःच त्याला आपल्या रंगाची खंत होती, असे विनोदाने म्हणता येईल. ती खंत अगदीच निराधार नव्हती. आपल्या ओळखीचे सिमेंट करडे असते, ते मुख्यतः त्यातील लोहाच्या अंशामुळे. कच्च्या मालातून लोह शक्य तितके टाळले म्हणजे पांढरे सिमेंट मिळते. पण ते करणे खर्चाचे असल्याने जगातील बहुतेक बांधकाम करड्या रंगातच झाले.

या करड्या रंगावर उपाय म्हणून एकोणिसाव्या शतकातील कारागिरांनी सिमेंटमध्ये नाना रंग कालवून पाहिले, आणि पुष्कळांची फसगत झाली. याचे कारण सिमेंटच्या स्वभावात आहे. सिमेंटला पाणी लागले की जी रासायनिक क्रिया सुरू होते, तीतून चुनाच निर्माण होतो. त्यामुळे ओले सिमेंट अतिशय क्षारधर्मी असते. उघड्या हाताने ते कालविणाऱ्याची कातडी सोलते, हे कोणत्याही बिगाऱ्याला विचारा. या क्षारात नाजूक रंग तग धरीत नाहीत. चित्रकारांच्या पेटीतील प्रशियन निळा घ्या. कागदावर तो वर्षानुवर्षे टिकतो, पण सिमेंटच्या सहवासात त्याचे विघटन होऊन तो नाहीसा होतो. वनस्पतीजन्य आणि कोळशाच्या डांबरापासून काढलेले पुष्कळसे रंगही क्षाराने किंवा उन्हाने असेच मरतात. या परीक्षेत टिकले ते मुख्यतः लोहाचे रंग : तांबडा, पिवळा, तपकिरी आणि काळा. हिरव्यासाठी क्रोमियमचा व निळ्यासाठी कोबाल्टचा ऑक्साइड. लोहाचे रंग म्हणजे आपल्या घरातले जुने परिचित. काव आणि गेरू यांतला तांबडा रंग लोहाचा, पिवडीतला पिवळाही लोहाचाच. पिवडी भाजली की तिच्यातले पाणी उडून ती तांबडी होते, ही गोष्ट खेड्यापाड्यांतील कारागिरांना रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होती. सिमेंट करडे होते ते लोहामुळे, आणि ते तांबडे करावयाचे तेही लोहानेच, हा निसर्गाचा मजेदार न्याय आहे.

तेव्हा टिकाऊ रंग सापडला, पण सारखा रंग सापडला नाही. खाणीतून निघालेली काव प्रत्येक खेपेला वेगळी. एका गाडीत लोह अधिक तर दुसऱ्या गाडीत माती अधिक. मातीला पाणी जास्त लागते, पाणी वाढले की काँक्रीटचे बळ घटते. म्हणून जो रंगासाठी हात सैल सोडी, त्याची जमीन लाल होई पण भुसभुशीत होई.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न अमेरिकेत दोन वेगवेगळ्या वाटांनी हाताळला गेला. १९१५ साली लिन मेसन स्कोफील्ड यांनी काँक्रीटच्या रंगांचाच व्यवसाय सुरू केला. ही रंगद्रव्याची वाट. त्याच सुमारास वॉशिंग्टन शहरातील मेरिडियन हिल उद्यानाच्या भिंतींचे काम जॉन जोसेफ अर्ली या कारागिराकडे आले. साध्या सिमेंटची भिंत त्या जागी निर्जीव दिसते असे दिसून आल्यावर अर्ली यांनी वेगळाच मार्ग धरला. साच्याच्या फळ्या लवकर काढावयाच्या, काँक्रीट कोवळे असतानाच तारेच्या कुंचल्याने वरची सिमेंटची साय घासून काढावयाची आणि आतले निवडक रंगीत खडे उघडे करावयाचे. खड्यांचे आकार त्यांनी अशा रीतीने निवडले की ते सर्व पृष्ठावर सारखे पसरावेत. जवळून पाहिले तर खडे वेगवेगळे दिसतात. चार पावले मागे सरकले की ते मिसळून एकच रंग दिसतो. शिकागोजवळ विल्मेट येथे १९५३ साली समर्पित झालेल्या बहाई मंदिराची जाळीदार पांढरी नक्षी त्यांच्याच कार्यशाळेची. ती पाहण्यास मात्र अर्ली उरले नव्हते. १९४५ साली त्यांचे निधन झाले. रंग भुकटीवर सोपवू नये, दगडावर सोपवावा, हे त्यांच्या कामाचे सार.

आता आपण कथेच्या मध्यावर आलो. येथे रंगाशी सकृद्दर्शनी काहीही संबंध नसलेला एक शोध येतो. शिकागोच्या लुइस इन्स्टिट्यूटमध्ये डफ अब्रॅम्स नावाचे संशोधक काँक्रीटचे नमुने करून ते दाबून फोडून पाहात होते. १९१८ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो थोडक्यात असा की, माल चांगला असला आणि कामाजोगा असला म्हणजे काँक्रीटचे बळ मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून असते : सिमेंटच्या मानाने पाणी किती घातले. पाणी कमी तर बळ जास्त, पाणी जास्त तर बळ कमी. हा नियम आज प्रत्येक अभियंता पहिल्या वर्षी शिकतो. पण रंगाचे काम करणाऱ्यांना त्याचा अर्थ कळावयास आणखी एक घटना घडावी लागली.

ती घटना जर्मनीत घडली. तेथील कारखान्यांत अ‍ॅनिलीन हे रसायन तयार होत असे. कापडाच्या रंगांच्या धंद्याचा तो पाया. बेशां या फ्रेंच रसायनज्ञाने १८५४ साली शोधलेल्या रीतीने ते करताना लोखंडाचा कीस वापरावा लागे, आणि शेवटी लोखंडाचा काळा चिखल उरे. तो टाकावा कोठे, हीच कारखानदारांची डोकेदुखी होती. १९२५ साली लॉक्स नावाच्या रसायनज्ञाने दाखवून दिले की, त्याच क्रियेत काही क्षार योग्य रीतीने मिसळले तर हा चिखल फेकून देण्याजोगा राहात नाही. त्यापासून उत्तम प्रतीचा काळा, पिवळा आणि भाजल्यावर तांबडा रंग मिळतो. कचऱ्याचे सोने झाले. त्याहून महत्त्वाचे हे की, हा रंग प्रत्येक पोत्यात सारखा होता. त्याचे कण अतिसूक्ष्म आणि एका मापाचे, त्यात माती नाही. खाणीचा लहरीपणा संपला.

आता तरी सगळ्या जमिनी सारख्या व्हावयास हव्या होत्या. त्या झाल्या नाहीत. एकाच पोत्यातला रंग, एकाच गोणीतले सिमेंट, तरी सकाळची जमीन गडद आणि दुपारची फिकी. जोवर काव खाणीची होती तोवर दोष कावेवर ढकलता येत होता. रंग निर्दोष झाला आणि खरा गुन्हेगार उघडा पडला. तो होता पाणी. अब्रॅम्सने बळासाठी जे सांगितले, तेच रंगालाही लागू होते. काँक्रीटमधले जादा पाणी पुढे वाळून उडून जाते आणि आपल्या मागे डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे ठेवते. त्या छिद्रांवर उजेड विखुरतो आणि पृष्ठभाग फिका दिसतो. शिवाय हेच पाणी आतला चुना वर घेऊन येते. हवेशी गाठ पडताच त्या चुन्याची पांढरी साय बनते; आपण जिला लोणा म्हणतो, त्याचीच ही एक जात. रंग कमी पडलेला नसतो, तो पांढऱ्या पडद्याआड गेलेला असतो.

आपल्याकडे हा सगळा व्यवहार थोडा उशिरा, पण फार मागाहून नव्हे, येऊन पोहोचला. १९१४ साली पोरबंदर येथे देशी सिमेंट निघू लागले. १९२२ साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या प्रेरणेने मुंबईत भारत टाइल्सचा उद्योग सुरू केला. परदेशी लाद्यांच्या तोडीच्या रंगीत सिमेंटच्या लाद्या येथेच व्हाव्यात, हा त्यामागचा उद्देश. लादी करण्याची रीत पाहण्यासारखी असते. पोलादी साच्यात पितळी पट्ट्यांची नक्षी बसवितात. तिच्या एकेका घरात पांढरे सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग यांचे पातळ मिश्रण ओततात, पट्ट्या अलगद उचलून घेतात, वर सिमेंट व रेती भरतात आणि दाबयंत्राखाली दाबतात. मग लादी पाण्यात मुरत ठेवतात. भट्टी लागत नाही. या लादीला विस्तव माहीत नाही; ती पाण्यावर पोसलेली असते. मुंबईच्या ज्या आर्ट डेको इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्या पिढीच्या इमारतींत अशा रंगीत लाद्या आणि मोझाईक यांचा मुबलक वापर आहे.

लादी कारखान्यात होते. तेथे माप, सावली आणि हौद यांची सोय असते. लाल कोबा मात्र जागेवरच करावा लागतो, आणि तेथेच खरी कसोटी आहे. म्हणून कालवणे, घालणे आणि मुरविणे या तीन पायऱ्या येथे थोड्या तपशिलाने सांगतो. घर बांधणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल, आणि न बांधणाऱ्यांना पुढची हकीकत समजेल.

प्रथम कालवणे. रंग सिमेंटच्या वजनाच्या मानाने घ्यावयाचा असतो. ५० किलोच्या गोणीला ५ टक्के म्हणजे अडीच किलो. साधारण इतक्यावर रंग भरत येतो. त्यापुढे कितीही ओतला तरी गडदपणा फारसा वाढत नाही, खर्च मात्र वाढतो. १० टक्क्यांची मर्यादा तर ओलांडूच नये, कारण पुढे बळाला धोका असतो. रंग मुठीने किंवा घमेल्याने मोजू नये, तराजूने मोजावा. सगळ्या कामाचे सिमेंट एकाच कारखान्याचे आणि शक्यतो एकाच खेपेचे असावे. सिमेंटचा करडेपणा बदलला की त्यावरचा लालही बदलतो. पण खरी मेख पाण्यात आहे. एका गोणीला २५ लिटर पाणी घातले तर पाण्याचे सिमेंटशी प्रमाण ०.५ होते. मजुराला माल जड वाटला आणि त्याने पाच लिटरची एक बादली जादा ओतली की ते ०.६ झाले, आणि त्या घाण्याचा रंग फिका झाला. बादली न ओतताही हे घडते. वाळू रात्रीच्या पावसात भिजली असेल आणि तिच्यात ५ टक्के ओल असेल, तर १०० किलो वाळूत ५ लिटर पाणी अगोदरच लपून बसलेले असते. म्हणून जाणता गवंडी सकाळी आधी वाळूच्या ढिगात हात घालतो, आणि मग पाण्याचे माप ठरवितो.

दुसरी पायरी घालण्याची. माल पसरल्यावर थोड्या वेळाने त्याचे पाणी वर सुटते. ते पाणी अंगावर असताना थापी फिरविली तर ते पृष्ठातच कोंडले जाते आणि तो भाग फिका, पिठूळ होतो. उलट फार उशीर करून जोराने घोटले तर पोलादाच्या घासण्याने तो भाग काळवंडतो. घाईतला गवंडी दोन पळवाटा काढतो. माल सुकत चालला की वर पाणी शिंपडतो, माल ओला वाटला की कोरडे सिमेंट भुरभुरवितो. दोन्हींचे डाग जन्मभर राहतात. भिंत असेल तर साच्याच्या फळ्याही आपली साक्ष ठेवतात. कोरडी नवी फळी पाणी शोषून घेते आणि तेथे रंग गडद येतो. जुनी, मुरलेली फळी पाणी शोषत नाही, तेथे तो फिका येतो. म्हणून फळ्यांची सरमिसळ करू नये.

तिसरी पायरी मुरविण्याची, बांधकामावरच्या भाषेत पाणी मारण्याची. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला निदान १० दिवस ओल टिकली पाहिजे, असे आपले भारतीय मानक सांगते. बळासाठी येवढे पुरते; रंगासाठी आणखी एक अट आहे, ती म्हणजे ओल सर्वत्र आणि सर्वकाळ सारखी हवी. सकाळी भिजविले, दुपारी वाळले, संध्याकाळी पुन्हा भिजविले, असे झाले की प्रत्येक वाळण्याबरोबर आतला चुना वर येतो आणि त्याचे ढग उमटतात. गोणपाट अंथरले तर ते आधी धुऊन घ्यावे, नाही तर त्याचाच रंग उतरतो. प्लॅस्टिक पसरले तर त्याच्या सुरकुत्यांचा नकाशा जमिनीवर उठतो. मातीची आळी करून पाणी साठविले तर मातीचा डाग पडतो. म्हणजे ही तिसरी पायरी सर्वांत साधी दिसते, तिला कसलीही कारागिरी लागत नाही असे आपण समजतो, आणि तीच सर्वांत जास्त जागरूकपणा मागते. आता हे काम आपण कोणावर सोपवितो ते पाहा. गवंड्याला रोज मोठा, मुकादमाला त्याहून मोठा. पाणी मारण्याचे काम बहुधा रखवालदाराच्या बायकोकडे किंवा सर्वांत कमी मजुरीच्या बिगारी बाईकडे असते. तिला नळी मिळाली तर भाग्य, नाही तर पिंपातून बादली भरून तांब्याने शिंपावयाचे.

येथे मला स्वतःची एक हकीकत सांगितली पाहिजे. विषयाला ती लागू आहे म्हणूनच सांगतो. तीत मला भूषण वाटण्यासारखे काही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका गावी सार्वजनिक सभागृहाची लाल जमीन माझ्या देखरेखीखाली झाली. जमीन तीन पट्ट्यांत घातली होती, एका दिवसाला एक पट्टा. महिन्याभराने ती घासूनपुसून पाहिली तेव्हा मधला पट्टा इतर दोहोंच्या मानाने स्पष्ट फिका दिसला. उद्‌घाटन तोंडावर आलेले. वरून विचारणा आली. ठेकेदार म्हणाला, पाणी मारणाऱ्या बाईने हयगय केली. मलाही ते पटले. किंवा पटवून घेणे सोयीचे वाटले, असे म्हणणे अधिक खरे. मी अहवालात तसे लिहिले आणि खाली सही केली. ठेकेदाराने त्या बाईची आठ दिवसांची मजुरी कापली. ती काम सोडून गेली.

पुढे काही दिवसांनी एक म्हातारा गवंडी त्या सभागृहात आला. तो त्या कामावर नव्हता. त्याने जमिनीकडे पाहिले, उकिडवा बसला, फिक्या पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरविले आणि मला म्हणाला, “साहेब, हे पाणी मारण्यात चुकलेलं नाही. तसं असतं तर डाग वाकडातिकडा पडला असता, उताराकडं ओघळ दिसला असता. ही रेघ सरळ आहे. ही फळीची रेघ आहे.”

मी पाहू लागलो. रेघ खरोखरच दोरीत होती. दिवसाअखेर जेथे फळी लावून काम थांबविले होते, नेमकी तेथेच रंगाची सीमा होती, आणि दुसऱ्या बाजूलाही तसेच. म्हणजे दोष त्या एका दिवसाच्या घाण्यात होता. पाणी मुरविण्यात नव्हता. मी मोजणीची वही काढली. मधल्या पट्ट्याच्या आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. ओल्या वाळूचे पाणी हिशेबात धरावयाचे होते, आणि ते धरणे हे माझे काम होते.

मी अहवाल दुरुस्त करून पाठविला. तो कोणी वाचला की नाही, कोण जाणे. त्या बाईचा मात्र पत्ता लागला नाही. बांधकामावरची माणसे काम सरले की दुसऱ्या गावी जातात, आणि हजेरीच्या पटावर तिचे नाव पुरते लिहिलेलेही नव्हते. ती जमीन अजून आहे. त्या सभागृहात मी नंतर कितीतरी सभांना बसलो. प्रत्येक वेळी नजर त्या सरळ रेघेवर जाते.

इतिहासाच्या अभ्यासकाला कागद बोलतो, ताम्रपट बोलतो. तशी जमीनही बोलते. सरळ रेघ दिसली तर कालवण्यात चूक आहे. थापीच्या फिरकीसारखे अर्धगोल दिसले तर घोटण्यात चूक आहे. ढगांसारखे, ओघळांसारखे डाग दिसले तर मुरविण्यात चूक आहे. आणि तेथेही पिंपात पाणी होते की नव्हते, नळ दिवसाआड येत होता की काय, हे विचारल्यावाचून निवाडा देऊ नये. ज्याला ही लिपी वाचता येते, तो चुकीच्या माणसाला शिक्षा करीत नाही.

राहता राहिला प्रश्न सारखेपणाचा. तो किती हवा? कारखान्यातील लादीचा सारखेपणा जागेवरच्या कामात येत नाही, आणि सुज्ञ कारागिरांनी त्याचा हट्टही धरला नाही. कॉलोरॅडोतील बोल्डर येथे १९६७ साली उद्‌घाटन झालेल्या वातावरण संशोधन केंद्राच्या इमारतीसाठी वास्तुकार आय. एम. पेई यांनी तिथल्याच परिसरातील तांबूस दगड काँक्रीटच्या मालात वापरला आणि वरचे पृष्ठ दातेरी हातोड्याने ठोकून काढले. भिंत पाठीमागच्या डोंगराच्या रंगात मिसळून गेली, आणि डोंगरात जसा रंगाचा चढउतार असतो तसा तिच्यातही खपून गेला. पोर्तुगालमध्ये कास्काइश येथे एदुआर्दो सोतो द मोरा यांनी चित्रकार पाउला रेगो यांच्यासाठी बांधलेले, २००९ साली उघडलेले संग्रहालय सबंध तांबड्या काँक्रीटचे आहे. त्याच्या भिंतींवर साच्याच्या फळ्यांच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत. त्या झाकण्याची कोणाला गरज वाटली नाही. कारखाना सारखा रंग देतो. हाताचे काम एका जातीचा रंग देते. आधी हातभर लांबीरुंदीचा नमुना करावा, तो वाळू द्यावा, घरमालक, गवंडी आणि पाणी मारणारी बाई या तिघांनी तो पाहावा, आणि यातला कमीजास्तपणा आपल्याला चालेल की नाही हे कामाआधी ठरवावे. नंतर ठरविले की भांडण होते.

आता घरोघरी चकचकीत लाद्या आल्या आहेत. लाल कोबे उखडले जात आहेत, आणि ते ज्यांना घोटता येतात असे हात थोडे उरले आहेत. याबद्दल मी गळा काढणार नाही. बदलत्या काळात घर बदलावयाचेच. पण तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अजून अशी जमीन आहे, त्यांनी आज रात्री घरी गेल्यावर दिवा थोडा खाली धरून ती तिरप्या उजेडात पाहावी. कोठे ढग दिसेल, कोठे थापीचा अर्धा फेरा दिसेल, कोठे सरळ रेघ. आणि जेथे काहीच दिसणार नाही, जेथे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंग एकसारखा असेल, तेथे जरा अधिक वेळ थांबावे. तेथे कोणीतरी सात दिवस, भर उन्हात, वेळ न चुकविता पाणी मारले आहे.